हत्तीची धडक, उसाची ट्रॉली आणि अंगणवाडीचे अंगण

धावत येणारी जड वस्तू दाराशी कशी अडवायची, हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. आपल्याकडे तो हत्तीच्या रूपाने उभा राहिला. किल्ल्याचा दरवाजा फोडण्यासाठी हत्ती सोडत, म्हणून दारांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लांब टोकदार खिळे ठोकले जात. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या (१७३२) दिल्ली दरवाज्यावर ते आजही पाहता येतात. पण खिळ्यांपेक्षाही हुशारीची युक्ती वाटेच्या आखणीत होती. शिवकाळातील किल्ल्यांचे महाद्वार गोमुखी रचनेचे असे. दोन बुरुजांच्या कुशीत दडलेल्या त्या दाराकडे वळणे घेतच जावे लागे. हत्तीला धाव घ्यायला सरळ वाटच मिळत नसे. दार अधिक जाड करण्यापेक्षा हत्तीचा वेग कमी करणे अधिक किफायतीचे, हे त्या बांधणाऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते.

या अनुभवामागचे शास्त्र युरोपात अठराव्या शतकात स्पष्ट होऊ लागले. हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक ग्रावेसांड यांनी १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की गोळा दुप्पट नव्हे, चौपट खोल जातो, असे त्यांना आढळले. फ्रान्सच्या विदुषी एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात या मताचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे १८२९ मध्ये कोरिओलिस यांनी त्याला आजचे रूप दिले: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. ओल्या चिकणमातीचा जाड थर ताटात पसरा. एकच गोटी प्रथम २५ सेंटिमीटरवरून आणि मग १ मीटरवरून सोडा. दुसऱ्या खेपेस मातीला टेकताना गोटीचा वेग दुप्पट असतो. दोन्ही खड्ड्यांची खोली काडीने मोजा. ती सुमारे चौपट भरली, तर पुढची आकडेमोड विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागणार नाही.

चार टनांचा हत्ती ताशी २० किलोमीटरने धावत आला, तर त्याची ऊर्जा सुमारे ६२ हजार जूल होते. एक टनाची मोटार ताशी ४० किलोमीटरने आली, तरी ऊर्जा तेवढीच. म्हणजे रस्त्यालगतच्या शाळेसमोरून जाणारी साधी मोटार हा एक धावता हत्तीच आहे. फरक इतकाच की शाळेच्या दाराला ना खिळे आहेत, ना गोमुख.

आता बारामती आणि इंदापूर या तालुक्यांकडे वळू. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी भागात आले आणि पाण्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या दशकात भवानीनगर आणि माळेगाव येथे सहकारी कारखाने सुरू झाले. सुरुवातीला ऊस बैलगाडीने येई, पुढे रबरी टायरची गाडी आली आणि मग ट्रॅक्टर. दोन टन ऊस भरलेली बैलगाडी ताशी ४ किलोमीटरने चालते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उसासह २० टनांचा आणि वेग ताशी २० किलोमीटर धरू. वजन दहापट, वेग पाचपट, म्हणून ऊर्जा १० गुणिले २५, म्हणजे अडीचशेपट! गाडीवान बैल हाकताना गावातल्या भिंतींना जो धोका होता, त्याचा हा नवा अवतार आहे. भिंती मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या.

रस्ताही बदलला. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी मजल दरमजल करत इंदापूरला पोहोचते. पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर वाहनांचा वेग वाढला, आणि वेगाच्या वर्गाने ऊर्जाही वाढली.

याच काळात लहान मुलांची शाळाही गावोगाव पोहोचली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. मात्र अंगणवाडीला अंगण असेलच असे नाही. गावात जिथे जागा मिळेल तिथे खोली उभी राहते, आणि ती जागा पुष्कळदा रस्त्याच्या कडेची असते.

धडकेच्या गणितात अंगणाला फार मोल आहे. वाहनाची ऊर्जा ज्या अंतरात संपवायची, ते अंतर जितके कमी तितके बल जास्त. वरची २० टनांची ट्रॉलीगाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबवायची, तर सुमारे ६३ टनांच्या वजनाइतके बल लागते. तीच तीन मीटरमध्ये थांबली, तर साडेदहा टन पुरतात. विटांची भिंत वरून येणारे ओझे उत्तम पेलते, आडवा धक्का तिला सोसत नाही. ती कोसळते आणि तिच्याच विटा आत बसलेल्या मुलांवर येतात. म्हणून खोलीची भिंत हा अडथळा मानता येत नाही. अडथळा भिंतीपासून दूर, रस्त्याच्या बाजूला हवा.

अशा अडथळ्यांचाही इतिहास आहे. जुन्या शहरांत गाडीची चाके भिंतीला घासू नयेत म्हणून कोपऱ्यावर दगड रोवत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९५० च्या दशकात उतरत्या बाजूंचे काँक्रीटचे दुभाजक आले. त्यांवर चाक थोडे चढते आणि मोटार पुन्हा रस्त्याकडे वळते. एप्रिल २०१४ मध्ये फ्लॉरिडातील विंटर पार्क येथे दुसऱ्या वाहनाची धडक बसलेली मोटार एका पाळणाघरात घुसली. एक मूल दगावले, अनेक जखमी झाली. त्यानंतर त्या परगण्याने पाळणाघरांपुढे अडथळे बसवण्याचा नियम केला. त्याच वर्षी तिकडे कमी वेगाच्या धडकेसाठी खांबांची चाचणीपद्धतीही ठरली: सुमारे २,२७० किलोग्रॅमचे वाहन ताशी १०, २० किंवा ३० मैलांनी आदळवून पाहायचे.

चांगला खांब जमिनीत खोल, काँक्रीटच्या पायात रोवलेला असतो. आदळताच पोलाद वाकते, माती दबते आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. फरशीवर केवळ बोल्टने कसलेला खांब मुळातूनच उखडतो. दोन खांबांमधील मोकळी जागा सव्वा मीटरच्या आत ठेवली, तर मोटार शिरत नाही, पण मुले आणि चाकाची खुर्ची सहज जातात.

मात्र साध्या खांबाने मोटार अडेल, भरलेली उसाची ट्रॉली अडणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. तिथे गोमुखाचीच युक्ती लागते, म्हणजे वेग आधीच कमी करणे. ब्रिटनमधील संशोधनातून १९७३ मध्ये गोलसर गतिरोधकाचा आकार निश्चित झाला. भारतीय रस्ते परिषदेने १९८८ मध्ये दिलेले माप त्याच्याशी मिळतेजुळते आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडता येईल असे. परंतु हे माप किरकोळ रस्त्यांसाठी आहे, महामार्गासाठी नाही. महामार्गालगत मग अंतर, मातीचा उंच बांध किंवा अंगणवाडीची जागाच बदलणे, हे उपाय उरतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला आवारभिंत किंवा कुंपण हवे, असे म्हटले आहे. पण तो कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. सहा वर्षांखालील मुले, ज्यांना वाहनाचा अंदाज सर्वांत कमी येतो, ती त्याच्या बाहेर राहतात.

शिक्षकांना आणि मोठ्या विद्यार्थ्यांना इथे करण्यासारखे बरेच आहे. गावातील अंगणवाडीच्या दारापासून डांबराच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. दार थेट रस्त्याकडे उघडते का, वळणावरून सुटलेले वाहन सरळ कुठे येईल, हे नकाशावर रेखा. गळीत हंगामात मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळी किती ट्रॉल्या जातात ते एक आठवडा मोजा, आणि ठरावीक अंतर कापायला लागणाऱ्या सेकंदांवरून त्यांचा वेग काढा. ऊर्जेचे गणित मुलांनीच करावे आणि तो कागद ग्रामसभेत ठेवावा. दार बाजूच्या भिंतीत हलवणे किंवा समोर पाच खांब रोवणे, याला मोठा निधी लागत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी मोजलेले असावे लागते.