कागदावर न आलेली पदके

हवालदार अब्दुल हमीद यांनी किती पॅटन रणगाडे फोडले? कुणी सात सांगतो, कुणी आठ. परमवीरचक्राच्या मानपत्रात मात्र फक्त १० सप्टेंबर १९६५ ची सकाळ आहे. खेमकरण भागात चीमा गावापुढे त्यांनी दोन रणगाडे फोडले आणि तिसऱ्यावर मारा चालू असताना ते शहीद झाले. आधीच्या दिवसांची लढाई त्यात नाही.

हमीद यांचे नाव देशाला पाठ आहे, त्यांचे काही अडत नाही. अडते ते अकोला-अमरावतीच्या साध्या शिपायाचे. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही पदके शौर्याची नव्हेत, युद्धकाळातल्या सेवेची आहेत. युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंद सुटली, की डिस्चार्ज बुकातही ती जागा कोरी राहते. मग आजोबांची लढाई नातवाला नुसती गोष्ट वाटते.

दुरुस्तीचा रस्ता आहे. सेवा क्रमांक, त्या काळातले युनिट आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा. ग्रेनेडियर्सचे ऑफिस जबलपूरला, महारचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला.

मुसलमानाकडे देशप्रेमाचा पुरावा मागणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे करायचे नाही. ज्याने सेवा केली त्याची नोंद पुरी असावी, एवढ्यासाठी करायचे. म्हातारा सैनिक हयात आहे तोवर युनिट, ठिकाणे, तारखा लिहून घ्या. उद्या इतिहास लिहिणारा आधी कागदच पाहील.