कौटिल्याचा ‘नागरिक’ व मुंबईंतील प्लेगचा बंदोबस्त

शहरावर आग, पूर किंवा सांथ कोसळली म्हणजे आज्ञा कोणीं द्यावयाची आणि ती घरोघर कोणामार्फत पोहोंचवावयाची, हा प्रश्न राजनीतीच्या ग्रंथांत फार जुना आहे. आपल्या इतिहासलेखनांत मात्र तो उपेक्षितच राहिला आहे. लढाया, तह, इनामें व वतनें यांचे कागद आपण जिवापाड जपतों. सांथीच्या वर्षांतील जाहीरनामे, तपासणीचे दाखले व घरगुती टिपणें मात्र रद्दींत जातात. प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचीं दोन स्थळें ताडून पाहणार आहों. एक, कौटिलीय अर्थशास्त्रांतील ‘नागरिक’ नामक नगराधिकारी; दुसरें, इ. स. १८९६ ते १८९८ या काळांत मुंबईंत प्लेगच्या बंदोबस्ताचें झालेलें हस्तांतर.

एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें होणें शक्यही नव्हतें. प्लेग मुंबईंत आला तेव्हां अर्थशास्त्र छापील रूपानें कोणासही उपलब्ध नव्हतें. म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आलेल्या पोथीवरून तें १९०९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणूनच ही तुलना उपयोगी आहे. एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांची साक्ष जुळली, तर तिचें मोल वाढतें.

प्रथम ग्रंथाकडे वळूं. दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायांत नागरिकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्याच्या हाताखालीं नगराच्या चौथ्या भागावर एकेक ‘स्थानिक’ व त्याच्या खालीं दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एकेक ‘गोप’ अशी रचना आहे. गोपानें आपल्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांचीं जाति, गोत्र, नांव व व्यवसाय जाणावीं. माणसांची संख्या, आय व व्यय हींही जाणावीं. पाण्याचीं ठिकाणें, रस्ते व तट यांची पाहणी नागरिकानें रोज करावयाची आहे. संकट आल्यावर नव्हे, रोज. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

याच अध्यायांत अग्निप्रतिबंधाचे नियम आहेत. उन्हाळ्यांत दिवसाच्या चार भागांपैकीं मधल्या दोन भागांत घरांत अग्नि पेटवूं नये. स्वयंपाक बाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याच्या घागरी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा व कातडी पखाल असावी. नसल्यास पाव पण दंड. गवताचीं व चटयांचीं छपरें काढून टाकावीं. अग्नीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनीं एका ठिकाणीं वस्ती करावी. राजमार्गांवर, चव्हाट्यांवर व वेशींपाशीं पाण्याचीं भांडीं हजारोंनीं मांडून ठेवावीं. आग लागली असतां जो गृहस्वामी धांवून जात नाहीं त्यास बारा पण, व भाडेकऱ्यास सहा पण दंड. पाटलिपुत्राचा तट लांकडी होता असें मेगॅस्थेनीसनें लिहून ठेवलें असून पाटण्याच्या बुलंदीबाग येथील उत्खननांत लांकडी तटाचे अवशेष सांपडले आहेत. अशा लांकडी शहराचें चित्र समोर आणिलें म्हणजे आगीविषयींचा हा काटेकोरपणा अनाठायीं वाटत नाहीं.

चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशु, सर्प व राक्षस अशीं आठ दैवी महाभयें गणिलीं आहेत. पुराच्या प्रकरणांत नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्याच्या रात्रीं पुराची सीमा सोडून राहावें व लांकडें, वेळू आणि नावा जवळ ठेवाव्या असें सांगून, बुडणाऱ्यास वांचविण्यास जो जात नाहीं त्यास बारा पण दंड सांगितला आहे. मात्र ज्यांच्यापाशीं तरण्याचें साधन नाहीं ते या दंडांतून मुक्त आहेत. हा अपवाद लहान दिसतो. पण साधन नसलेल्यावर कर्तव्य लादूं नये हें तत्त्व त्यांत आहे. व्याधीच्या प्रकरणांत औषधें घेऊन वैद्यांनीं व शांतिकर्में घेऊन तापसांनीं, अशी दुहेरी योजना आहे. शरीराबरोबर लोकांच्या मनाचाही बंदोबस्त करावा लागतो, हें ग्रंथकारास ठाऊक होतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. शास्त्रवचन हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा नव्हे. हे नियम कोणत्या नगरांत कितपत पाळले गेले हें ग्रंथावरून ठरत नाहीं. शिवाय गोपाची नोंदवही केवळ परोपकारासाठीं नव्हती. करवसुली व हेरगिरी यांसही तीच वही लागे. तथापि संकटसमयीं ज्यास घरांत शिरावयाचें आहे त्यास तें घर आधींच ठाऊक असावें, हा या रचनेचा गाभा आहे.

आतां मुंबईकडे येऊं. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. व्हिएगास यांनीं ग्रंथिज्वराचें निदान केलें. १८८८ च्या कायद्यानें शहराची कार्यकारी सत्ता म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं होती. त्या जागीं तेव्हां स्नो हे होते व आरोग्याधिकारी डॉ. वीअर. ६ ऑक्टोबर रोजीं जाहीरनामा निघाला. त्यानें रोग्यास सक्तीनें वेगळें काढण्याचा व रुग्णालयांत नेण्याचा अधिकार आरोग्यखात्यास मिळाला. गटारें धुणें, घरांस चुना देणें, अंधाऱ्या खोल्यांचीं कौलें काढून ऊन आंत घेणें, हीं कामें मोठ्या प्रमाणावर सुरू झालीं. रोगाचें मूळ घाणींत आहे, अशी तेव्हांची समजूत होती. उंदरांच्या पिसवांमुळें रोग पसरतो हें सिमाँ यांनीं १८९८ मध्यें दाखविलें, व तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे पहिल्या हंगामांत अधिकार होता, कष्ट होते, पण ज्ञान अपुरें होतें. या गोष्टीचा दोष आम्ही त्या माणसांस देत नाहीं.

सक्तीचा परिणाम मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरच दिसला. रुग्णालयांत नेलेला माणूस परत येत नाहीं अशी भीति पसरली. ऑक्टोबरअखेर सुमारें हजार गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. घरोघरचीं कुटुंबें गांवीं निघालीं. तेव्हां कमिशनरानें एक पाऊल मागें घेतलें: घरींच योग्य विलगीकरण व उपचार होत असतील तर रोग्यास हलवूं नये, असें ठरलें. या माघारीचें एक कारण स्नो यांच्या लेखांतच मिळतें, आणि तें आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील सर्वांत मोलाचें वाक्य आहे. त्यांस सर्वांत मोठी धास्ती होती ती शहराची मैलसफाई करणारे हलालखोर व बिगारी निघून जातील याची. ते गेले असते तर मुंबई राहण्यायोग्य उरली नसती. शहर ज्यांच्या खांद्यावर उभें होतें त्यांस समाजानें सर्वांत खालीं बसविलें होतें. पण संकटाच्या दिवसांत राज्यकर्त्यासही त्यांच्याच पावलांकडे पाहून धोरण बदलावें लागलें. कमिशनरास हें कळलें, कारण तो त्या लोकांस रोजचें काम देणारा होता. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यास ही गोष्ट इतक्या लवकर कळली असती असें वाटत नाहीं.

फेब्रुवारी १८९७ त सांथींच्या रोगांचा कायदा झाला व मार्च महिन्यांत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमण्यांत आली. स्नो व वीअर हे तिचे सभासद राहिले. नेतृत्व मात्र लष्करी अधिकाऱ्याकडे गेलें. गेटेकर यांनीं घरझडती वाढविली, हें खरें. पण निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या पुढाऱ्यांस भेटून त्यांस आपापलीं रुग्णालयें काढण्यास उत्तेजनही दिलें. आपल्याच मंडळींच्या हातचें पाणी मिळेल, आपलीच भाषा कानीं पडेल, एवढ्या भरंवशावर लोक रोगी दाखविण्यास थोडे तरी तयार झाले.

त्याच वेळीं पुण्यास काय घडलें हें महाराष्ट्रास सांगणें नको. तेथें प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनीं गोऱ्या शिपायांकरवीं घरझडती केली. पुण्यास म्युनिसिपालिटी १८५७ पासून होती. पण दारांत उभा राहिला तो मात्र सोजीर, ज्यास ना घर ठाऊक, ना घरची रीत. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड यांजवर गोळी झाडली, हा त्या कथेचा शेवट सर्वश्रुत आहे. त्या वधाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली आहे. नगरव्यवस्थेच्या दृष्टीनें आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, तेथें हुकूम देणाऱ्यास हुकमाची अडचण नव्हती. नव्हता तो त्याच्या व घराच्या मधला गोप.

मुंबईंत गेटेकर यांच्या मागून जुलै १८९७ पासून समितीची धुरा सर जेम्स कॅम्बेल यांजकडे आली. मुंबई इलाख्याचें गॅझेटियर संपादणारे हेच ते कॅम्बेल. त्यांच्या खंडांवांचून आपलें कोणतेंही संशोधन पुढें सरकत नाहीं. या प्रांताच्या जातींची, देवस्थानांची व चालीरीतींची त्यांच्याइतकी माहिती क्वचितच कोणा इंग्रजास असेल. तरीही ९ मार्च १८९८ रोजीं विणकर जुलाह्यांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळलाच. ग्रंथांतील माहिती व गल्लींतील ओळख या दोन भिन्न वस्तु आहेत, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं. त्यानंतर सक्ती सैल करण्यांत आली, आणि त्याच वर्षीं प्लेगचें काम पुन्हा म्युनिसिपल कमिशनराकडे सोंपविण्यांत आलें. १८९९ पासूनचे प्लेगचे वार्षिक अहवाल कमिशनराच्याच नांवें निघालेले आहेत.

यावर असा आक्षेप येईल कीं, म्युनिसिपालिटीपाशीं पैसा व माणसें अपुरीं होतीं, म्हणून सरकारास हात घालावा लागला. आक्षेप खरा आहे. मोठ्या संकटांत वरची मदत लागतेच, आणि ती मागण्यांत कमीपणा नाहीं. पण मदत देणें वेगळें व नेतृत्व काढून घेणें वेगळें. अर्थशास्त्रांतही नागरिकाच्या मागें राजा आहे. तथापि वैद्य, गोप व स्थानिक यांस बाजूस सारून राजानें स्वतः घरांत शिरावें, असें तेथें सांगितलेलें नाहीं.

या विवेचनाचा वर्तमानाशीं संबंध आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबई बुडाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देशाचा आपत्ति व्यवस्थापन कायदा झाला. त्यांत जिल्ह्याचें प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं ठेविलें. शहरास वेगळें प्राधिकरण दिलें नाहीं. २०२० च्या महामारींत तोच १८९७ चा सांथींचा कायदा महाराष्ट्रांत पुन्हा लागू झाला. पण या वेळीं महानगरांत अधिकार म्युनिसिपल आयुक्तांस दिले गेले, आणि मुंबईच्या चोवीसही प्रभागांत वेगवेगळे नियंत्रणकक्ष उघडून रोग्यांस खाटा देण्याचें काम त्यांजकडे सोंपविलें. पुढें २०२५ च्या दुरुस्तीनें राजधानीच्या व महानगरपालिकेच्या शहरांसाठीं आयुक्ताच्या अध्यक्षतेखालीं नागरी प्राधिकरणाची तरतूद झाली. १८९७ त जें काढून घेतलें तें कायद्याच्या रूपानें परत येण्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं.

तरतूद झाली म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. नागरिकाचें पद निर्माण करणें सोपें. गोप निर्माण करणें कठीण. प्रत्येक गल्लींत शिडी कोठें आहे, पाणी कोठें आहे, अंथरुणास खिळलेलें म्हातारें माणूस कोणत्या मजल्यावर आहे, हें ज्यास रोजच्या कामांतून ठाऊक आहे, त्याच्याच हातीं संकटाचा दिवस सुखरूप जातो.

अखेर आमच्या बांधवांस एक विनंति. प्लेगच्या काळांतील छापील जाहीरनामे, तपासणीचे दाखले, रुग्णालयांच्या वर्गणीच्या याद्या, गांवीं पळालेल्या कुटुंबांचीं पत्रें जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. सरकारी अहवालांत आज्ञा देणाऱ्याची बाजू आहे. आज्ञा ज्याच्या दारीं आली त्याची बाजू या चिटोऱ्यांतच सांपडेल. पोथ्यांच्या शोधांत आपण घरें धुंडाळतोंच. तेव्हां हे कागदही उचलून, तारीख व ठिकाण लिहून, जपून ठेवावे. हलालखोरांच्या भीतीची नोंद एका कमिशनरानें केली. त्यांनीं स्वतः काय पाहिलें हें सांगणारा एखादा कागद मिळाला, तर हा लेख पुन्हा लिहावा लागेल, व तो आम्ही आनंदानें लिहूं.