सर्पगंधा आणि कान पाडलेले ससे

‘झाडपाल्याचं औषध, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. सर्पगंधेचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

तिची मुळी वेडावर आणि निद्रानाशावर इथले वैद्य-हकीम पूर्वापार देत आले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरू लागला. पण काही रुग्णांना नैराश्याने घेरल्याच्या नोंदीही येऊ लागल्या.

हे रसायन मेंदूत काय करतं, ते सशांनी दाखवलं. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन आणि सहकाऱ्यांनी रेसर्पिन टोचलेले ससे कान पाडून निपचित बसले. एल-डोपा टोचल्यावर तेच ससे पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिता केला होता. याच धाग्यावरून पुढे पार्किन्सनवर एल-डोपाचा उपचार आला आणि २००० साली कार्लसन नोबेलचे एक मानकरी ठरले.

नंतर दीर्घकाळ रेसर्पिन खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठीही आढळल्या. माणसांबाबत तसा ठाम पुरावा मिळाला नाही.

म्हणजे जी मुळी रक्तदाब उतरवते, तीच मनही खचवू शकते. झोपेसाठी कुणी सर्पगंधेचं चूर्ण सुचवलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल, तर तेही त्यांना सांगा.