एका शनिवारचे जग

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तारखा उभ्या राहतात, आणि त्या तारखा बहुधा कोणाच्या तरी राज्यारोहणाच्या, तहाच्या नाही तर वधाच्या असतात. ज्या दिवशी कोणी गादीवर बसले नाही आणि कोणी गादीवरून उतरले नाही, त्या दिवसाची इतिहासकाराच्या दप्तरी नोंद होत नाही. त्या दिवशीही माणसे उठली, जेवली, भांडली, निजली. पण ती आपली आपण.

२४ जुलै २०१० हा असाच एक दिवस. शनिवार होता. त्या दिवशी जगातील हजारो माणसांनी हातातल्या कॅमेऱ्याने स्वतःचा दिवस टिपला आणि यूट्यूबच्या मार्गाने लंडनला धाडून दिला. तसे आवाहनच होते. रिडली स्कॉट हे निर्माते आणि केव्हिन मॅकडोनल्ड हे दिग्दर्शक. १९२ देशांतून ८०,००० तुकडे आले. सारे मिळून ४,५०० तासांचे चित्रण. एकाच माणसाने अहोरात्र, न झोपता ते पाहावयाचे म्हटले तर सहा महिन्यांहून अधिक काळ लागावा. त्यातून ९५ मिनिटांचा एक अनुबोधपट निघाला. ‘लाइफ इन अ डे’ हे त्याचे नाव. २०११ च्या जानेवारीत तो अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. ज्यांचे तुकडे घेतले गेले, त्यांना सहदिग्दर्शक म्हणून श्रेय द्यावयाचे, असे वचन आरंभीच दिलेले होते.

लोकांनीच काढलेला, सर्व जगाचा, एका दिवसाचा चित्रपट! ही कल्पना संगणकाच्या पोटी जन्मली, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. संगणकाने टपालखात्याचे काम केले, एवढेच. कल्पना जुनी आहे, आणि तिच्या मागे एक फार महत्त्वाचा प्रश्न आहे: जग दाखवावयाचे ते कोणी? कॅमेरा कोणाच्या हाती असावा?

चित्रपटाच्या पहिल्या दिवसांत या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. ल्युमिएर बंधूंची खेळणारी चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. ल्युमिएरांचे कारागीर कॅमेरे घेऊन देशोदेशी हिंडत. जग त्यांनी पाहावयाचे आणि जगाने पाहून घ्यावयाचे, असा तो व्यवहार. परंतु मुंबईतील तो खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. व्यवसायाने छायाचित्रकार, ओळखीने सावेदादा. या गृहस्थांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजचे रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांचे मुंबईतील स्वागतही त्यांनी चित्रित केले. ज्याच्यावर कॅमेरा रोखावयाचा, तोच कॅमेरा हाती घेऊन उभा राहिला, ही गोष्ट आपल्याकडे इतक्या लवकर घडली, याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही.

आल्बेर कान या फ्रेंच पेढीवाल्याची हकीगत आम्ही थोडक्यातच सांगतो. माणसे एकमेकांना ओळखू लागली तर लढाया थांबतील, अशी त्याची श्रद्धा. १९०९ पासून त्याने पदरमोड करून पन्नासांवर देशांत छायाचित्रकार पाठविले. हिंदुस्थानातही त्याचा माणूस येऊन गेला. ७२,००० रंगीत काचा आणि शंभर तासांच्या आसपास चित्रण जमले. मध्येच महायुद्ध झाले. पुढे १९२९ च्या मंदीत कान स्वतः बुडाला आणि काम थांबले. संग्रह मात्र टिकला. पण तेथेही पाहणारा परका होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग कोणी म्हणाले, लोकांनाच लिहू द्या. हे म्हणणारा मॅक्सिम गोर्की. १९३४ साली मॉस्कोत भरलेल्या सोव्हिएट लेखकांच्या परिषदेत त्याने सुचविले की कोणताही एक सामान्य दिवस निवडावा आणि त्या दिवशी जगात काय काय घडले ते एका ग्रंथात गोळा करावे. २७ सप्टेंबर १९३५ हा दिवस ठरला. ग्रंथ १९३७ साली निघाला, तेव्हा गोर्की हयात नव्हता. त्याच्या बरोबरीचा संपादक मिखाइल कोल्त्सोव्ह होता. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या डिसेंबरात, कोल्त्सोव्हला अटक झाली आणि १९४० च्या फेब्रुवारीत गोळी घालण्यात आली. जगाचा एक दिवस ज्याने मांडून ठेवला, त्याच्या शेवटच्या दिवसाची नोंद फक्त पोलिसांकडे उरली.

ती कल्पना चीनमध्ये पोहोचली. कादंबरीकार माओ दुन याने २१ मे १९३६ हा दिवस घेऊन वर्तमानपत्रांतून आवाहन केले. तीन हजारांवर लेख आले. त्यांपैकी पाचशेच्या आतबाहेर छापले. पुढल्या वर्षी जपानशी युद्ध पेटले, आणि त्या मे महिन्यातला साधा गुरुवार चिनी वाचकाला गेल्या युगातला वाटू लागला असेल.

या सर्वांत आमच्या विषयाला सर्वांत जवळची हकीगत इंग्लंडातली आहे. १९३७ च्या जानेवारीत तिघा तरुणांनी ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात एक पत्र लिहिले. एक टॉम हॅरिसन, पक्ष्यांचा आणि आदिवासींचा अभ्यासक. दुसरा चार्ल्स मॅज, कवी आणि बातमीदार. तिसरा हम्फ्री जेनिंग्ज, चित्रकार आणि अनुबोधपटांचा दिग्दर्शक. दूरदेशीच्या जमातींचा अभ्यास पुष्कळ झाला, आता आपल्याच लोकांचा करू या, असा त्यांचा बेत. चळवळीचे नाव ‘मास ऑब्झर्व्हेशन’. त्याच वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. या मंडळींनी राजाकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड केले. दोनशेंवर लोकांनी त्या दिवसाच्या आपापल्या नोंदी पाठविल्या आणि त्यांतून जेनिंग्ज व मॅज यांनी एक जाडजूड पुस्तक तयार केले. इतिहासकाराने गादीकडे पाहावयाचे, या रीतीला हा एवढा उघड विरोध आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही.

याच चळवळीने आपल्या निरीक्षकांना विचारले होते: तुमच्या घरातील शेकोटीवरच्या फळीवर काय काय ठेवले आहे, ते डावीकडून उजवीकडे लिहा. प्रश्न हास्यास्पद वाटतो. पण आपल्याकडे कोणी घरोघरच्या कोनाड्याविषयी असे विचारले असते, तर किल्ल्यांचा जुडगा, दुधाचा हिशेब, अमृतांजनाची बाटली आणि थोरल्या जावयाचे न उत्तरलेले पत्र यांतून संसाराचे जे चित्र उभे राहिले असते, ते कोणत्या बखरीत सापडेल?

केव्हिन मॅकडोनल्ड यांनी २००० साली याच हम्फ्री जेनिंग्जवर एक अनुबोधपट केला होता. म्हणजे वारसा उघड आहे. २०१० साली त्यांनी जगाला जे प्रश्न घातले, तेही त्याच जातीचे होते: तुम्हांला काय प्रिय आहे? तुम्हांला कशाचे भय वाटते? आणि तुमच्या खिशात काय आहे? चित्रपटात एकाच्या खिशातून महागड्या मोटारीची किल्ली निघते. पेरू देशातला बूटपॉलिश करणारा पोरगा आपल्याला प्रिय काय, तर संगणक, असे सांगतो. जपानमधल्या एका पसाऱ्याने भरलेल्या खोलीत बाप लहानग्या मुलाला उठवतो आणि मुलगा गेलेल्या आईपुढे उदबत्ती लावतो. जर्मनीत ड्यूसबर्गला त्याच दिवशी संगीताच्या मेळ्यात चेंगराचेंगरी होऊन २१ माणसे मेली. तीही त्यात आहे. आणि शेवटी, मध्यरात्र व्हावयास आली असताना, मोटारीत एकटीच बसलेली एक मुलगी सांगते की आज दिवसभर वाट पाहिली, विशेष काही घडलेच नाही.

हा चित्रपट पाहून माणूस सर्वत्र एकच आहे असे वाटते, आणि तसे वाटावे म्हणूनच तो केला आहे. या ठिकाणी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. १९५५ साली न्यूयॉर्कला एडवर्ड स्टायकेन यांनी ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले होते: ६८ देश, २७३ छायाचित्रकार, ५०३ चित्रे. जन्म, लग्न, काम, मरण सर्वत्र सारखेच, हा त्याचा सूर. फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ यांनी त्यावर नेमके बोट ठेवले. जन्म सर्वत्र आहे हे खरे. पण मूल कोणाच्या घरी जन्मते, ते जगते की नाही आणि त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे सर्वत्र सारखे नाही. आक्षेप ‘लाइफ इन अ डे’लाही लागू पडतो. श्रीमंत देशांकडे कॅमेरे होते; गरीब देशांत चारशे कॅमेरे मुद्दाम धाडावे लागले. चित्रपटाचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतून आला. मॅकडोनल्ड यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले की कॅमेरे थोडे पाठवून शिकवणी जास्त द्यावयास हवी होती. अनुबोधपट ही वस्तूच कित्येकांना ठाऊक नव्हती, आणि आपले मत दुसऱ्याला सांगण्याजोगे असते ही कल्पनाही अनेकांना नवी होती. हे वाक्य आम्हांस चित्रपटातील कित्येक दृश्यांपेक्षा बोलके वाटते.

दुसरी गोष्ट कात्रीची. आलेले तुकडे दोन डझन माणसांनी पाहिले आणि प्रत्येकाला एकपासून पाचपर्यंत तारे दिले. बहुतेकांच्या वाट्याला दोन आले. चार आणि पाच तारेवाले दिग्दर्शक व संकलक जो वॉकर यांच्यापुढे गेले. कॅमेरा लोकांच्या हाती गेला, कात्री मात्र गेली नाही. २,८०० मिनिटांतून एक मिनिट उरले, आणि उरलेले मिनिट सर्वांना आपले वाटावे असेच निवडलेले होते. ज्या मिनिटाने आपण बुचकळ्यात पडलो असतो, ते दोन ताऱ्यांत गेले असणार. यात लबाडी नाही. चित्रपट करावयाचा तर हे करावेच लागते. पण ‘मास ऑब्झर्व्हेशन’ने पुस्तकाबरोबर मूळ कागदही जपले. आज ते ससेक्स विद्यापीठाच्या ताब्यात आहेत आणि संशोधक फळीवरच्या वस्तूंच्या याद्या काढून वाचतात. १२ मेच्या दिवसाच्या नोंदी मागविण्याची प्रथाही २०१० पासून पुन्हा सुरू झाली आहे.

त्या चित्रपटाची पुढे परंपराच झाली. भारतापुरता प्रयोग १० ऑक्टोबर २०१५ रोजी रिची मेहता यांनी केला. आणि दहा वर्षांनी, २५ जुलै २०२० रोजी, मॅकडोनल्ड यांनी जगाला पुन्हा तेच आवाहन केले. महामारीचे वर्ष. माणसे घरात कोंडलेली. या वेळी ३,२४,००० तुकडे आले.

त्यांत एका आईचा तुकडा होता. २०१० साली तिने आपल्या मुलाला सकाळी झोपेतून उठवताना टिपले होते. मुलगा त्या वयाच्या कोणत्याही मुलासारखा कुरकुरत होता. तेच जुने चित्रण ती आता आपल्या घरात पुन्हा लावून पाहते. मुलगा त्या वर्षी कोविडने गेला होता.