विवित कोपी
* विवित कोपी : मध्य जावातील मुरिया डोंगराच्या उतारांवर कॉफीची तोडणी सुरू होण्याआधी केला जाणारा विधी. शेतकरी बागेत जमतात, भाताचा शंकूच्या आकाराचा ढीग (तुंपंग) आणि अख्खी शिजवलेली कोंबडी मांडून दुआ मागतात, एकत्र जेवतात, मगच पिकलेली लाल फळे खुडतात. ही रीत मुळात भातकापणीची, धान्यदेवता देवी श्रीची. कॉफी मात्र डचांनी १६९९ साली मलबारहून आणलेली, आणि १८३० नंतर तर सक्तीने लावून घेतलेली. लादलेल्या पिकालाही या माणसांनी आपल्या अन्नाच्या पंगतीत मानाने बसवले, हे मला फार मोलाचे वाटते. आता तिथे मुख्यतः रोबस्टा पिकते. सखल भागातली जुनी अरेबिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबेऱ्याने गेली. — संपा.