हातगाडी आणि नळ

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आले आहे : 'रस्त्यावरचे काही खाऊ नये.' वडील मंडळी ते मुलांस सांगतात; त्याच संध्याकाळी मुले भेळेचा पुडा घेऊन घरी येतात, आणि पुडा सुटला म्हणजे वडील मंडळीही भोवती बसतात. ह्या विसंगतीस कोणास हसावयाचे असेल तर त्याने खुशाल हसावे. प्रस्तुत लेखकही त्या हास्यास पात्र आहे. परंतु ह्या वाक्याच्या पोटी एक समजूत दडलेली आहे. रस्त्यावरचे अन्न घाणेरडे असते ते विकणारा मनुष्य घाणेरडा असतो म्हणून, ही ती समजूत होय. ती कितपत खरी आहे हे थोडे इतिहासात शिरून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या विचारास मला प्रवृत्त केले ते एका वडेवाल्याने. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या शहरी नोकरीस होतो, तेथील कॉलेजच्या फाटकाबाहेर तो गाडी लावीत असे. एकाच बादलीत तो दिवसभर बशा विसळी. एके दिवशी मी त्याला जंतूंविषयी चार शब्द सुनावले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, पाणी जवळच्या इमारतीच्या रखवालदाराकडून विकत आणतो. आणि जप्तीची गाडी आली म्हणजे पळावे लागते. शेगडी उचलीन, कढई उचलीन. पाण्याचे पिंप घेऊन कसा पळू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो होते, एवढे पदार्थविज्ञान मलाही ठाऊक होते. परंतु ज्याला केव्हाही पळावे लागते तो पाणी थोडेच बाळगणार, ही गोष्ट मला कोणत्याही ग्रंथात आढळली नव्हती.

रस्त्यावरच्या अन्नात धोका नेमका कोठे असतो, हे आधी पाहिले पाहिजे. उकळत्या तेलातून नुकताच काढलेला वडा हा जंतूंच्या दृष्टीने फारसा भयप्रद पदार्थ नव्हे; तेवढ्या उष्णतेत बहुतेक जंतू मरतात. धोका असतो तो न शिजवलेल्या चटणीत, पाणीपुरीच्या पाण्यात, बर्फात, चिरून ठेवलेल्या फळांत, बशी विसळण्याच्या बादलीत आणि शौचास जाऊन आल्यावर ज्यास धुवावयास पाणी मिळाले नाही अशा हातात. म्हणजे ही सगळी यादी अखेर पाण्यापाशीच येऊन पोहोचते. जॉन स्नो ह्या डॉक्टराने १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखविले, व पटकीचा प्रसार दूषित पाण्याने होतो हे सिद्ध करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख ह्यांना कलकत्त्यात पटकीचा जंतू रोग्यांप्रमाणेच एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. तेव्हापासून स्वच्छ अन्नाचा प्रश्न पुष्कळ अंशी स्वच्छ पाण्याचा प्रश्न आहे, हे शास्त्राने आपणांस सांगून ठेविले आहे.

आता मुंबईकडे वळू. पाण्याच्या बाबतीत ही नगरी काही झोपलेली नव्हती. विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास शहरात आले आणि १८९२ साली तानसाचे आले. कोसानुकोस नळ घालून पाणी आणण्याचा तो उद्योग खरोखर अभिमानास्पद होता. परंतु नळ दिला जात होता तो घराला. ज्याची इमारत त्याची जोडणी, असा तो हिशेब. त्याच काळात, १८८८ साली, मुंबईचा म्युनिसिपल कायदा झाला. गटारे बांधणे, रस्ते झाडणे, मंडया उभारणे ही कर्तव्ये त्या कायद्याने म्युनिसिपालिटीवर घातली. मात्र रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे त्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, हे ३१३ व्या कलमात दिसते. रस्त्यात अडथळा होईल अशा रीतीने परवानगीवाचून ठेवू नयेत अशा वस्तूंच्या यादीत ठेला हा खुर्ची, बाक, पेटी, शिडी आणि गाठोडे ह्यांच्या पंक्तीस बसला आहे. आणि ३१४ व्या कलमाने अशी वस्तू पूर्वसूचना न देता उचलून नेण्याचा अधिकार कमिशनरास दिला.

ह्यात कायदा करणाऱ्यांचा दुष्टावा होता असे मला म्हणावयाचे नाही. रस्ते मोकळे असावेत ही अपेक्षा वाजवीच आहे. परंतु कायद्याच्या डोळ्यांस दिसला तो ठेला. ठेल्यामागे उभा राहून शहराला जेवू घालणारा मनुष्य दिसला नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला आणि १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हाही आरोग्याची भाषा पुष्कळ झाली. तथापि आरोग्य म्हणजे गर्दी हटविणे, हा अर्थ लोकांच्या व अधिकाऱ्यांच्या मनात अधिकच रुजला. हातगाडी हटविली की स्वच्छता झाली, ही समजूत तेथून आपल्यापर्यंत चालत आली आहे.

पण ही गाडी हटत का नव्हती? कारण शहराला तिची गरज होती. गिरण्यांच्या मुंबईत कोकणातून व घाटावरून आलेले हजारो गडी एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांच्या पोटाची सोय खानावळवाल्या बायांनी आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांनी केली. ह्याच खानावळवाल्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. वडापाव हा आता मराठी माणसाचा मानबिंदू होऊन बसला आहे. तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य ह्यांच्या गाडीवर जन्मला असे सांगतात. पुढे १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, आणि त्यानंतर कित्येक बेकार कामगारांच्या घरांतून शेगडी रस्त्यावर आली. परंतु नवे परवाने देणे १९७८ पासून जवळजवळ बंदच होते. म्हणजे धंदा करणारे वाढत गेले आणि कायद्याने त्यांपैकी बहुतेकांस गुन्हेगार ठरविले. १९९८ सालच्या पाहणीत मुंबईच्या म्युनिसिपल जागांवर सुमारे एक लाख फेरीवाले मोजले गेले. परवाना नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून नळ नाही, नळ नाही म्हणून अन्न अस्वच्छ, आणि अन्न अस्वच्छ म्हणून परवाना नाही! ह्या रहाटगाडग्यात कोणी कोणास दोष द्यावयाचा?

विक्रेत्याच्या श्रमांचाही येथे विचार केला पाहिजे. पहाटे बाजार, सकाळी घरी बटाटे उकडणे, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत उन्हापावसात उभे राहणे, हा त्याचा दिनक्रम. त्यात लपूनछपून द्यावे लागणारे हप्ते आणि माल जप्त होण्याची धास्ती. स्त्री-विक्रेतीची स्थिती तर अधिकच दुःसह. जवळपास शौचकूप नसल्यामुळे कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. जी स्वतः पाणी पिण्यास भिते तिने आपणांस स्वच्छ पाण्यात धुतलेली बशी द्यावी, अशी आपली अपेक्षा असते.

न्यायालयांनी ह्या प्रश्नात हळूहळू प्रकाश आणला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांचे प्रकरण ऐकून विक्रीची क्षेत्रे आखण्याचा मार्ग दाखविला. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंतराव चंद्रचूड होते. १९८९ साली सोदनसिंगाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी मान्य केले की रस्त्यावर व्यापार करणे हाही, योग्य निर्बंधांसह, घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. १९८८ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, जो केवळ अडथळा होता तो आता नागरिक ठरला. तथापि जुनी दृष्टी एकाएकी जात नाही. २००३ सालच्या निकालात मुंबईच्या फेरीवाल्यास १ मीटर लांब व १ मीटर रुंद एवढी जागा मिळाली, आणि रस्त्यावर अन्न शिजविण्यास मनाई झाली. हेतू आरोग्याचाच होता. परंतु शास्त्र पाहू जाता ताजे व गरमागरम शिजविलेले अन्नच त्यातल्या त्यात निर्धोक, आणि सकाळी घरून करून आणलेले व दिवसभर कोमट राहिलेले अन्न अधिक धोक्याचे. शेगडीवर बंदी आली. नळाविषयी मात्र कोणी बोलले नाही.

कलकत्त्याचा अनुभवही असाच बोधप्रद आहे. त्या शहरी १९३२ साली स्थापन झालेली आरोग्यशास्त्राची अखिल भारतीय संस्था आहे. तिने राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या साह्याने रस्त्यावरच्या अन्नाचा अभ्यास केला, व विक्रेत्यांस हाकलण्याऐवजी त्यांना शिक्षण व सोयी देण्याकडे लक्ष वेधले. परंतु त्याच दशकात, १९९६ च्या नोव्हेंबरात, त्याच शहराने 'ऑपरेशन सनशाइन' ह्या नावाखाली रातोरात हजारो फेरीवाल्यांच्या टपऱ्या मोडल्या. थोड्याच काळात फेरीवाले पुन्हा पदपथांवर दिसू लागले.

मग हा प्रश्न कोणी सोडविला आहे काय? सिंगापूरचे उदाहरण ह्या बाबतीत मननीय आहे. तेथेही इंग्रजी अमदानीत फेरीवाला हा उपद्रवच मानला जाई. १९५० साली त्यासाठी एक चौकशी मंडळ नेमले गेले होते. १९६८-६९ साली तेथील सरकारने एक साधी गोष्ट केली : बेटावरील फेरीवाल्यांची नोंद केली व सुमारे १८ हजार जणांस तात्पुरते परवाने दिले. आधी नाव लिहिले, मग जागेची व्यवस्था. १९७१ ते १९८६ ह्या पंधरा वर्षांत छपराखालच्या बाजारपेठा बांधून त्यांत नळ, गटार, वीज, कचऱ्याची सोय आणि शौचकूप पुरविले, आणि रस्त्यावरचे विक्रेते तेथे नेले. स्वच्छतेचे नियम कडक होते व तपासनीसही कडक होते. परंतु नियम पाळणे शक्य होईल अशी स्थिती आधी निर्माण केली होती. २०२० साली ह्याच फेरीवाल्यांच्या पाककलेस युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले.

ह्यावर वाचक म्हणतील की सिंगापूर लहान, तेथील सरकार बळकट आणि विरोधास तेथे वाव थोडा. हे खरे आहे. शिवाय स्थलांतरात काहींचे जुने गिऱ्हाईक तुटले असणार, हेही उघड आहे. आपल्या शहरांत सगळ्या हातगाड्या छपराखाली नेणे शक्य नाही, आणि स्टेशनाबाहेर घाईने एक वडापाव घेणारा मनुष्य अर्धा मैल चालून बाजारपेठेत जाणारही नाही. परंतु तेथून घ्यावयाचा धडा इमारतींचा नसून क्रमाचा आहे. प्रथम नोंद, मग जागा, मग पाणी व गटार, मग शिक्षण, आणि सर्वांच्या शेवटी दंड. आपण हा क्रम उलटा धरला व दंडापासून आरंभ केला.

आपल्याकडेही २०१४ साली पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यात हा क्रम पुष्कळ अंशी सुलटा केलेला आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची मोजणी करावी. ती पुरी होऊन विक्रीचे दाखले मिळेपर्यंत कोणास हटवू नये. नगराच्या पथविक्रेता समितीत ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावा, असे त्यात लिहिले आहे. १८८८ चा ठेला आणि २०१४ चा सभासद ह्यांमध्ये केवढे अंतर आहे! परंतु कायदा कागदावर येणे आणि नळाला पाणी येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१८ साली अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यपेठेस स्वच्छ खाद्यपेठ म्हणून देशात प्रथम मान्यता मिळाली. विक्रेत्यांस शिकवून, तपासून व सोयी सुधारून तसे करता येते, हे त्यावरून दिसले.

आता राहिला आपल्या पांढरपेशा कुटुंबांचा प्रश्न. पदपथ मोकळा व्हावा म्हणून तक्रारअर्ज लिहिणारे आपणच, आणि संध्याकाळी त्याच पदपथावर पुडा बांधून घेणारेही आपणच. तक्रार करण्याचा आपला हक्क मी नाकारीत नाही. चालणाऱ्याला वाट मिळालीच पाहिजे. परंतु त्या अर्जात आणखी एक ओळ घालण्यास काय हरकत आहे? ह्या कोपऱ्यावर इतक्या गाड्यांना जागा आखून द्यावी, तेथे एक सार्वजनिक नळ, एक गटार व एक शौचकूप बांधावे, आणि मग जो घाण करील त्यास खुशाल दंड करावा, एवढीच ती ओळ.

त्या वडेवाल्याची गाडी पुढे एके दिवशी उचलून नेली गेली आणि तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या जागी काही महिन्यांनी दुसरा आला. त्याच्यापाशीही एकच बादली होती. ह्या खेपेस मी त्याला जंतूंविषयी काही बोललो नाही. पाणी कोठून आणतोस, एवढेच विचारले.