धक्का आणि प्रवाळभित्ती : कोझुमेल बेटावरील क्रूझ पर्यटन व स्कूबा डायव्हिंग यांचा इतिहास

प्रस्तावना

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेस, कॅरिबियन समुद्रात कोझुमेल हे सुमारे ४८ किलोमीटर लांब व १६ किलोमीटर रुंद असे बेट आहे. माया लोकांच्या काळात इश्चेल देवतेचे तीर्थक्षेत्र म्हणून ते प्रसिद्ध होते. १५१८ मध्ये ग्रिहाल्वा व १५१९ मध्ये कोर्तेस यांची जहाजे येथे थांबली, एवढीच या बेटाची नोंद सर्वसाधारण इतिहासग्रंथांत आढळते. आज मात्र हे बेट जगातील अत्यंत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे. २०१९ या एका वर्षात चाळीस लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी येथे उतरले. सकाळी जहाज धक्क्याला लागते, प्रवासी काही तासांच्या किनारा-सहलीस जातात आणि सायंकाळी जहाज पुढील बंदराकडे निघते. या सहलींमध्ये स्कूबा डायव्हिंगची सहल विशेष मानाची समजली जाते.

करमणुकीच्या या प्रकारास इतिहासाभ्यासाचा विषय का मानावे, असा प्रश्न सहाध्यापकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्रूझ आणि स्कूबा हे एकाच सुट्टीचे दोन भाग म्हणून विकले जात असले, तरी त्यांचे इतिहास वेगळे आहेत आणि कोझुमेल येथे ते एकमेकांसमोर उभे ठाकले, हे दाखवून देणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या संघर्षाची लेखी नोंद उपलब्ध आहे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय.

पाणबुड्याचे घड्याळ

पाण्याखाली श्वास घेण्याची समस्या जुनी आहे. तथापि आजच्या स्कूबाचा आरंभ १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाला. महायुद्धकाळात पेट्रोलची टंचाई असल्याने मोटारी वायूवर चालविण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो यांच्या सहकार्याने तीच कल्पना पाणबुड्याच्या रेग्युलेटरमध्ये उतरली. पाणबुडा जसजसा खाली जाईल, तसतशी भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला मागणीनुसार मिळू लागली. १९५६ मध्ये कुस्तो यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटास कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अमेरिकेत १९५८ ते १९६१ या काळात 'सी हंट' ही दूरचित्रवाणी मालिका गाजली. १९६६ मध्ये पॅडी ही प्रशिक्षणसंस्था स्थापन झाली आणि पाणबुडेगिरी हा मध्यमवर्गीय छंद बनला.

या छंदाला स्वतःचे घड्याळ आहे. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. त्या दाबाखाली नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो आणि वर येताना तो सावकाश बाहेर पडावा लागतो. यासाठीच्या पायऱ्यांची पहिली शास्त्रीय तक्ते जे. एस. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. उतावीळ पाणबुड्याला सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. दोन बुड्यांच्या मध्ये विश्रांती घ्यावी लागते आणि अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. सारांश, समुद्राच्या तळाशी जाणाऱ्याला घाई करता येत नाही.

जहाजाचे घड्याळ

क्रूझचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि वाहतुकीचे साधन म्हणून प्रवासी जहाजाचे दिवस भरले. जहाजमालकांपुढे दोनच मार्ग उरले : जहाज मोडीत काढणे, अथवा जहाजालाच गंतव्यस्थान बनविणे. डिसेंबर १९६६ मध्ये 'सनवर्ड' या नौकेने मायामीहून कॅरिबियन सहली सुरू केल्या. १९७० मध्ये 'साँग ऑफ नॉर्वे' ही खास याच कामासाठी बांधलेली नौका आली. १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीची 'मार्डी ग्रा' आपल्या पहिल्याच सफरीत मायामीबाहेर वाळूत रुतली. या फजितीनंतरही ती कंपनी पुढे या व्यवसायात अग्रेसर ठरली, हा उद्योगेतिहासातील एक गमतीदार प्रसंग होय.

या व्यवसायाचे गणित बंदरातील तासांवर उभे आहे. जहाज आठ-दहा तास थांबणार, त्यात शेकडो प्रवासी उतरवून, फिरवून वेळेवर परत आणायचे. जहाजावरच विकली जाणारी सहल उशिरा परतली तर जहाज थांबते. प्रवाशाने बंदरावर उतरून परस्पर ठरविलेल्या सहलीसाठी मात्र ते थांबत नाही. या एका नियमामुळे स्थानिक पाणबुडे-व्यावसायिक आणि जहाज कंपनी यांच्या संबंधांत प्रथमपासून असमतोल राहिला. प्रशिक्षण नसलेल्या प्रवाशांसाठी थोड्या शिकवणीनंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेणारी 'परिचय-बुडी' लोकप्रिय झाली, तिचेही कारण हेच घड्याळ. जी विद्या शिकण्यास काही दिवस लागतात, तिची चव एका सकाळीत देण्याची ती सोय आहे. तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. अनेकांना समुद्राचा तळ दिसला तो तिच्यामुळेच. परंतु पाण्यात स्वतःला तोलून धरता न येणाऱ्या माणसाच्या पायांतील फ्लिपर प्रवाळाला लागतात आणि वर्षाला काही मिलिमीटर वा सेंटिमीटर वाढणारी फांदी क्षणात मोडते, हेही सत्य आहे.

एकच किनारा, दोन दावेदार

कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्याची भौगोलिक रचना येथे समजून घेणे आवश्यक ठरते. बेट चुनखडीचे असल्याने पावसाचे पाणी जमिनीत झिरपते आणि समुद्रात गाळ आणून टाकणाऱ्या नद्या नाहीत. त्यामुळे पाणी विलक्षण स्वच्छ राहते. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा प्रवाह प्रवाळांना अन्न पुरवितो. पाणबुडे या प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि होडी त्यांचा माग काढत वरून येते, ही येथील खास पद्धत आहे. पूर्वेकडील वाऱ्यांपासून पश्चिम किनारा सुरक्षित आहे आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. पालांकार, सांता रोसा, पारायसो या प्रवाळभित्ती याच उताराच्या कडेने पसरल्या आहेत.

परंतु शांत पाणी आणि किनाऱ्यालगतची खोली हीच मोठ्या जहाजाचीही गरज आहे. ज्या कारणांनी प्रवाळ येथे वाढले, त्यांपैकीच काही कारणांनी जहाजेही येथेच आली. पर्यावरण विरुद्ध विकास या सोप्या मांडणीत ही गोष्ट हरवते.

क्रमाने पाहता पाणबुडे आधी आले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन दिग्दर्शक रेने कार्दोना यांनी येथे पाण्याखाली चित्रीकरण केले आणि बेटाची कीर्ती पसरू लागली. १९६१ मध्ये कुस्तो यांनी कोझुमेलला जगातील सर्वोत्तम स्थळांत गणले, असे पर्यटन-साहित्यात पुनःपुन्हा लिहिले जाते. समकालीन पुराव्याशिवाय चालत आलेल्या या विधानाचा उपयोग अभ्यासकाने दंतकथा म्हणूनच करावा. १९८० मध्ये मेक्सिको सरकारने पश्चिम किनाऱ्याचा समुद्र सागरी वनस्पती व प्राण्यांसाठी आश्रयक्षेत्र म्हणून घोषित केला. जहाजांची गर्दी वाढली ती प्रामुख्याने यानंतर.

१९९६ : तक्रार आणि नोंद

१९९०च्या दशकात पारायसो प्रवाळभित्तीच्या परिसरात क्रूझ जहाजांसाठी नवा धक्का बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. जानेवारी १९९६ मध्ये तीन मेक्सिकन स्वयंसेवी संस्थांनी उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण सहकार्य आयोगाकडे तक्रार दाखल केली. कॅनडा, अमेरिका व मेक्सिको यांच्यातील व्यापार कराराला जोडून १ जानेवारी १९९४ पासून अमलात आलेल्या पर्यावरण करारान्वये हा आयोग स्थापन झाला होता. तक्रारीचा मुद्दा नेमका होता. १९८८ च्या मेक्सिकन पर्यावरण कायद्यानुसार संपूर्ण प्रकल्पाच्या परिणामांचे मूल्यांकन व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात धक्क्याचाच विचार झाला आणि त्याला जोडून जमिनीवर होणारी बांधकामे बाजूला राहिली, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. प्रकल्पाची मंजुरी कराराच्या अंमलबजावणीपूर्वीची असल्याने हा विषय आयोगाच्या कक्षेत येत नाही, असा युक्तिवाद मेक्सिको सरकारने केला.

पुढील घटनाक्रम बोलका आहे. ७ जून १९९६ रोजी आयोगाच्या सचिवालयाने वस्तुस्थितीची नोंद तयार करण्याची शिफारस केली. १९ जुलै १९९६ रोजी मेक्सिको सरकारने सुमारे ११,९८७ हेक्टर क्षेत्राचे कोझुमेल प्रवाळभित्ती राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित केले. २ ऑगस्ट रोजी आयोगाच्या परिषदेने नोंद तयार करण्यास मान्यता दिली. उद्यानाची घोषणा या दोन तारखांच्या मध्ये झाली. तिच्यामागे तक्रारीचा दबाव होता, असे केवळ तारखांवरून सिद्ध होत नाही; पण हा निव्वळ योगायोग मानण्यास प्रस्तुत लेखकाचे मन तयार होत नाही.

ऑक्टोबर १९९७ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. आयोगाच्या इतिहासातील ती पहिलीच वस्तुस्थिती-नोंद होय. कायदा मोडला की नाही, याचा निवाडा तीत नाही, कारण तसा अधिकारच आयोगाला नव्हता. धक्का बांधून पूर्ण झाला. तक्रारदार हरले, असे वरवर पाहता म्हणता येईल. परंतु कोणी काय मंजूर केले आणि कोणते मूल्यांकन झाले, हे सरकारी दप्तरातून बाहेर येऊन सार्वजनिक अभिलेख बनले. दप्तरखान्यात दिवस घालविलेल्या संशोधकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

धक्का नसतो तेव्हा

धक्का नसला की प्रवाळ सुरक्षित, असेही नाही. ग्रँड केमन बेटावर १९५७ मध्ये बॉब सोटो यांनी सुरू केलेले डायव्हिंगचे दुकान कॅरिबियनमधील पहिले मानले जाते. येथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाजे समुद्रात उभी राहतात आणि प्रवासी लहान बोटींनी किनाऱ्यावर येतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथे एका क्रूझ जहाजाने एका दिवसात टाकलेल्या नांगरामुळे ३,१५० चौरस मीटर प्रवाळभित्ती नष्ट झाली होती. नांगराची साखळी जहाजाबरोबर तळावर फिरते आणि जे वाटेत येईल ते भुईसपाट करते. धक्क्याच्या समर्थकांनी हाच मुद्दा पुढे केला, तर तो बांधण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खोदकामाकडे विरोधकांनी बोट दाखविले.

अलीकडील काळ

ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळाने कोझुमेलचे धक्के उद्ध्वस्त केले आणि उथळ पाण्यातील प्रवाळांचेही मोठे नुकसान केले. १९९६ मध्ये वादग्रस्त ठरलेला धक्का २००८ मध्ये पुन्हा सुरू झाला. प्रवाळांना मात्र अशी तारीख देता येत नाही. २०१८ पासून मेक्सिकन कॅरिबियनमध्ये दगडी प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग पसरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्यान प्रशासनाने पालांकारसह दक्षिणेकडील काही भित्ती पर्यटकांसाठी तात्पुरत्या बंद केल्या. त्या वेळी जहाजे येतच होती, पाणबुडे मात्र थांबले होते.

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे जहाजेही थांबली आणि जून २०२१ पर्यंत कोझुमेलचे धक्के रिकामे राहिले. या काळाशी आपल्या भूमीचा जवळचा संबंध आहे. जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोव्यातील तारवटी फार मोठ्या संख्येने काम करतात, कोकणातीलही अनेक तरुण असतात. २०२० मध्ये प्रवासी घरी परतल्यावरही यांतील कित्येक जण जहाजांवर अडकून पडले होते आणि त्यांच्या परतीचा प्रश्न गोव्याच्या राजकारणात गाजला. किनारा-सहलींच्या माहितीपत्रकांत या कर्मचाऱ्यांचे चित्र नसते. प्रवासी तळ पाहावयास जातात तेव्हा त्यांच्यासाठी दुपारचे जेवण मांडणारा तारवटी जहाजातच असतो. कॅरिबियन पर्यटनाच्या इतिहासात त्याची दखल कोण घेणार, हा प्रश्न मराठी व कोंकणी अभ्यासकांनीच हाती घेण्यासारखा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मेक्सिकोच्या पर्यावरण मंत्रालयाने कोझुमेल येथे चौथ्या क्रूझ धक्क्यास सशर्त मंजुरी दिली. रहिवासी, पाणबुडे व जीवशास्त्रज्ञ यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. प्रकल्पाच्या परिणामांचे पुरेसे मूल्यांकन झालेले नाही, हा त्यांचा आक्षेप १९९६ च्या तक्रारीची आठवण करून देतो. ग्रँड केमनमध्ये ३० एप्रिल २०२५ रोजी सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच क्रूझ धक्क्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले आणि मतदारांनी बहुमताने धक्का नाकारला. जहाजे तेथे आजही समुद्रातच उभी राहतात आणि प्रवासी लहान बोटींनी किनाऱ्यावर येतात.